थिंग म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या कॉलेजात 'ती थिंग' म्हटल्याशिवाय कोणाचं वाक्य पुरं होत नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हटकून असतंच. (मोबाईलवरून बल्ब चालू-बंद करणे हा त्यातला सदाबहार विषय!) हे नाव केविन ॲश्टनने १९९९ मध्ये दिलं, हे व्हायव्हासाठी आपण पाठ करतो. पण त्यातला 'थिंग' कुठून आला, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण या शब्दाचा आपल्या होस्टेलशी थेट संबंध आहे.

थिंग म्हणजे मुळात वस्तू नव्हेच. थिंग म्हणजे सभा.

जर्मन आणि डच भाषेत 'डिंग', स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये 'टिंग', आइसलँडिकमध्ये 'थिंग'. सगळी एकाच घरातली भावंडं. गॉथिक या लुप्त झालेल्या भाषेतला त्यांचा नातलग 'थीह्स' म्हणजे वेळ. त्यावरून अभ्यासक म्हणतात की मूळ अर्थ 'ठरलेली वेळ' असावा, मग त्या वेळी भरणारी सभा. इंग्लंडमध्ये केंटच्या राजांच्या सातव्या शतकातल्या कायद्यांतही 'थिंग' सभा याच अर्थाने येतो. पुढे सभेपुढे आलेलं प्रकरण म्हणजे थिंग, मग कुठलीही बाब, आणि शेवटी टेबलावर पडलेला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा थिंग. जर्मन 'झाखे'चंही तसंच, आधी कोर्टातला तंटा आणि आता वस्तू. लॅटिन 'काउसा' म्हणजे खटला, त्याची फ्रेंचमध्ये 'शोज' म्हणजे वस्तू झाली.

हे वाचून 'गोऱ्यांच्या भानगडी' म्हणून पान उलटू नका. आपण मराठीत काय म्हणतो? 'गोष्ट'. 'एक गोष्ट लक्षात ठेव', 'बाजारातून दोन गोष्टी आणायच्यात'. ही गोष्ट आली संस्कृत 'गोष्ठी'वरून, आणि गोष्ठी म्हणजे सभा, चार माणसांनी बसून केलेलं बोलणं! हिंदीत गोष्ठी अजून भरते. त्याच्याही मागे 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधायची जागा, आपला गोठा. (आमच्या विंगमधल्या काही खोल्यांनी हा मूळ अर्थ निष्ठेने जपला आहे.) म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन समाजांत शब्द त्याच वाटेने गेला. आधी माणसं जमली, मग विषय आला, वस्तू सर्वांत शेवटी.

या थिंगचा खरा थाट बघायचा तर आइसलँडमध्ये. तिथे ९३० च्या सुमारास 'आल्थिंग' सुरू झाली. दर उन्हाळ्यात देशभरातून लोक घोड्यांवरून थिंगवेट्लिर नावाच्या मैदानात यायचे. जागा अशी की एका अंगाला उत्तर अमेरिकन प्लेट, दुसऱ्या अंगाला युरेशियन, मध्ये खचलेली दरी. सिव्हिलवाल्यांनी गूगलवर जरूर बघावी. कायदे तेव्हा लिहिलेले नव्हते. तीन वर्षांसाठी निवडलेला एक 'कायदा सांगणारा' खडकावर उभा राहून दर वर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा. म्हणजे तीन वर्षांत सगळा सिलॅबस पूर्ण, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा! देशाने ख्रिस्ती व्हायचं का, हा डोकी फुटतील असा प्रश्नही १००० च्या सुमारास तिथेच सुटला. १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणा झाली तीही तिथेच.

उगाच आरती ओवाळत नाही. त्या थिंगमध्ये गुलामांना आवाज नव्हता, बड्या सरदारांचं वजन चालायचं, आणि निकाल लागला तरी तो अमलात आणायचं काम जिंकणाऱ्याचं स्वतःचंच. तरीही नॉर्वेची संसद आज 'स्टोर्टिंग' आहे, डेन्मार्कची 'फोल्केटिंग'. तिथे सभा टिकली म्हणून अर्थ टिकला. इंग्रजीत सभा राजाच्या दरबारात विरघळली आणि थिंग नुसती वस्तू उरली. निदान मला तरी तसंच वाटतं.

आता आपल्याकडे या. पूर्वी दर महिन्याला मेस हॉलमध्ये जीबी व्हायची. आरडाओरडा व्हायचा, कोणीतरी टेबल वाजवायचं, रात्रीचे अकरा वाजायचे. पण पोळ्या कच्च्या का, गरम पाणी सातलाच का संपतं, मेस बिल का वाढलं, याची उत्तरं सगळ्यांसमोर द्यावी लागायची. आता काय होतं? रेक्टर सरांच्या केबिनमध्ये तीन प्रतिनिधी बसतात, आणि रात्री व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो येतो. यालाही जुन्या नॉर्समध्ये शब्द आहे बरं का! 'हूस-थिंग', म्हणजे सरदाराने फक्त आपल्या घरच्या माणसांची घेतलेली बैठक. इंग्रजीतला 'हस्टिंग्ज' त्यावरूनच आला.

सर म्हणतात, ग्रुपवर पोल टाकतो की. पण पोलमध्ये 'हो' आणि 'नाही' एवढंच असतं. 'हो, पण परीक्षेच्या आठवड्यात नको' हे कुठे लिहायचं? फर्स्ट इयरचा पोरगा ग्रुपवर चकार शब्द काढत नाही. हॉलमध्ये मागून का होईना, ओरडतो तरी. शिवाय मेसच्या मावशी आणि वॉचमन काका त्या ग्रुपवर नाहीतच. पोळ्या लाटणारीला पोळ्यांबद्दल विचारायचंच नाही, म्हणजे आपणही आइसलँडच्या सरदारांच्या पंगतीतच बसलो की!

तेव्हा सरांना आणि नव्या मेस सेक्रेटरीला विनंती, की महिन्याची जीबी पुन्हा सुरू करा. तारीख आठ दिवस आधी बोर्डावर लावा, हिशेबाची वही हॉलमध्ये आणा आणि मावशी-काकांना पुढच्या रांगेत बसवा. वार मी सुचवतो, मंगळवार. जर्मन 'डीन्सटाग' आणि डच 'डिन्सडाग' म्हणजे मंगळवार, आणि ही नावं 'मार्स थिंक्सस' या थिंगच्या देवावरून आली. त्याचा शिलालेख इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ सापडला आहे. मार्स म्हणजे आपला मंगळच. आणि दुसरं, तितकंच महत्त्वाचं कारण म्हणजे मंगळवारी मेसमध्ये दुधी असतो. त्या दिवशी हॉल भरायला वेगळी नोटीस लागणार नाही.