ताई, तुम्ही घेता का जी?

जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या गटाची बैठक होती. विषय नेहमीचाच, गावातलं देशी दारूचं दुकान. अर्जासाठी गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के बायांच्या सह्या हव्यात, त्या कुणी गोळा करायच्या, मतदान लागलंच तर आडव्या बाटलीला मत द्यायला बाया घराबाहेर पडतील का, सगळं बोलून झालं होतं. चहा आला. आणि एका तरुण सुनेने सहज विचारलं, "ताई, तुम्ही घेता का जी? शहरातल्या बाया घेतात म्हणे."

मी म्हटलं, "नाही गं बाई."

हे खोटं होतं. अडीच महिन्यांपूर्वीच मी बेल्जियममध्ये, माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीकडे बसून एक बिअर प्यायले होते. नुसती प्यायले नव्हते, तर अर्धा तास तिची चव घेत बसले होते, आणि ती मला फार आवडली होती. हे मी गटात का सांगू शकले नाही, यावर तेव्हापासून विचार करते आहे. आपल्या अंकात हा विषय शोभेल का, असंही मनात आलं. पण आपण इथे एकमेकींशी खरं बोलत आलो आहोत, म्हणून लिहिते.

बहीण नोकरीनिमित्त अँटवर्पला असते. ऑक्टोबरात मी तिच्याकडे तीन आठवडे होते. शेजारच्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी एका संध्याकाळी आम्हांला बोलावलं आणि हेर्झेले या गावातल्या दे रिक कुटुंबाच्या ब्रुअरीची 'स्पेशल' टेबलावर ठेवली. ही ब्रुअरी १८८६ सालची, छोटी, घरचीच. आन दे रिक या चौथ्या पिढीतल्या बाईंनी ती पुढे चालवली. बाई मुख्य ब्रुअर असणं बेल्जियममध्येही दुर्मीळ, म्हणून शेजारीणबाईंना ती बाटली दाखवण्यात विशेष अभिमान वाटत होता.

पुढचं सगळं एखाद्या पूजेसारखं चाललं होतं. आधी ग्लास गार पाण्यात विसळून ओलाच ठेवायचा. बाटली फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, कारण बर्फासारखी गार असली तर जीभ बधिर होते आणि चव कळत नाही. ग्लास तिरपा धरून ओतायची, शेवटी सरळ करायचा, म्हणजे वर दोन बोटं फेस येतो. तो फेस फुंकून टाकायचा नाही, त्यातच वास धरलेला असतो. आणि मग लगेच प्यायची नाही. आधी बघायची, मग हुंगायची.

रंग तांबूस, उजेडात धरला की तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा. वास मला आधी ओळखीचा वाटला आणि कशाचा ते सापडेना. दुसऱ्यांदा हुंगल्यावर सापडला. लाडवासाठी कणीक भाजताना घरभर सुटतो ना, तो खमंग वास. त्याच्या मागे पिकलेल्या पेअरचा, आणि अगदी थोडा संत्र्याच्या सालीचा. पहिला घोट गोडसर लागला, भाजलेल्या बिस्किटासारखा. गिळल्यावर जिभेच्या मागे कडवटपणा आला, कारल्यासारखा अंगावर येणारा नाही, मेथीचा दाणा चावल्यावर मागून येतो तसा. शेजारीणबाई म्हणाल्या, "गिळल्याशिवाय बिअर कळत नाही." वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात, कारण हॉप्सचा कडूपणा शेवटी कळतो. त्यांच्या या प्रकाराला पेल एल म्हणतात. 'पेल' म्हणजे फिकी, पण ही फिकी मुळीच नव्हती. जुन्या काळ्याशार बिअरच्या मानाने फिकी, एवढाच त्याचा अर्थ.

मी विचारलं, हा भाजल्याचा वास कुठून येतो? त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मला हसूच आलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भट्टीत भाजायचे, मग भरडायचे. मैत्रिणींनो, हे तर आपलं नाचणीचं सत्त्व! माझ्या आजीने प्रत्येक नातवंडासाठी हेच केलं. मोड आलेल्या धान्यातलं पिठूळ गोड होतं, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. पुढे ते भरडलेले जव गरम पाण्यात मुरवायचे, रस गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. नेहमीची पिवळी लागर बिअर थंडीत आंबवतात. ही एल जरा उबेत आंबते, म्हणून यीस्ट तो फळांचा वास सोडतं. पेअर कुणी घातलेलं नसतं. आपलं आंबोळीचं पीठ थंडीत आणि वैशाखात निराळं लागतं, ते कशामुळे, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आंबलेल्याची पारख ही बाईची विद्या आहे. पीठ किती आलं, आंबील उतरली का, लोणचं बिघडायला लागलंय का, हे आपण नाकाने ठरवतो. युरोपातही मध्ययुगात घरची बिअर करणं हे बाईचंच काम होतं. धंदा मोठा झाला, त्यात पैसा आला, कारागिरांचे संघ बनले, तशा बाया त्यातून बाहेर पडत गेल्या. कुठल्याही आणि कुणाच्याही देशात ही गोष्ट घडते, फक्त मालाचं नाव बदलतं. आज बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीचं नाव २०१६ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. त्या वारशात घराघरांतल्या बायकांचा हिशोब किती धरला असेल कोण जाणे.

या तांबूस एलचीही गोष्ट आहे. १९०४ च्या सुमारास इंग्लंडच्या एल आणि जर्मन धर्तीच्या पिवळ्या बिअर बेल्जियमच्या बाजारात घुसल्या होत्या. आपली बिअर सुधारावी म्हणून तिथल्या ब्रुअरांनी स्पर्धा घेतली आणि त्यातून 'स्पेस्याल बेल्ज' हा प्रकार पुढे आला. अँटवर्पची दे कोनिंक त्याच घराण्यातली. तिच्या गोल ग्लासाला तिथे 'बोलेके' म्हणतात आणि कॅफेत तेवढंच नाव घेऊन बिअर मागतात.

पण मला धरून ठेवलं ते शेजारीणबाईंनी जाता जाता सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीने. बेल्जियममध्येही दारूबंदी होती! पूर्ण नव्हे. १९१९ साली तिथले कामगार पक्षाचे पुढारी आणि तेव्हाचे न्यायमंत्री एमिल वांदरवेल्द यांनी कायदा आणला. कॅफेत जेनेव्हरसारखी कडक दारू द्यायला बंदी, आणि दुकानातून घ्यायची तर एका वेळी कमीत कमी दोन लिटर. म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाने संध्याकाळी मजुरीतून पाव बाटली घेऊन घरी जाता कामा नये. खाणीतल्या आणि गिरण्यांतल्या कामगारांचा पगार गुत्त्यावर उडत होता, घरी बायकामुलं उपाशी होती, यावरचा हा उपाय. तो १९८० च्या दशकापर्यंत टिकला. कडक दारू गेली तेव्हा कॅफेतली गिऱ्हाइकं जड बिअरकडे वळली, आणि बेल्जियमच्या जोरकस एल वाढायला तेही एक कारण झालं, असं म्हणतात.

आता याची दुसरी बाजू बघा. ज्या बायकांच्या नावाने कायदा झाला, त्यांना संसदेसाठी मत कधी मिळालं? १९४८ साली. १९१९ साली सगळ्या पुरुषांना सारखं मत मिळालं, बायकांना मात्र संसदेसाठी नाही, काही युद्धविधवा आणि शहीद सैनिकांच्या आया सोडल्या तर. बाया धर्मगुरूंचं ऐकून मत देतील, ही भीती पुरोगाम्यांनाच जास्त होती. बाईला दारूपासून वाचवायचं, पण तिला विचारायचं नाही. हे ऐकताना मला आमचा जिल्हा आठवत होता.

आमच्याकडे बायांनी स्वतः मागितलं होतं. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर हजारो बाया चालत गेल्या. २०१५ च्या एप्रिलपासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ साली सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली. त्यात खोटं सगळंच होतं असं मी म्हणणार नाही. बंदीच्या काळात चोरट्या दारूचे धंदे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण बंदी उठवताना, चालत गेलेल्या त्या बायांना पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

मी एमएसडब्ल्यू झाल्यापासून कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. फुटलेली डोकी, गहाण पडलेली मंगळसूत्रं, मुलीच्या फीचे पैसे हिसकावून नेणारे बाप, हे माझं रोजचं काम आहे. तेव्हा 'बाईने प्यावं, म्हणजे ती मुक्त झाली' असलं काही मला म्हणायचं नाही. जाहिरातवाल्यांना ते म्हणायची घाई झाली आहे, म्हणूनच आपण सावध राहायला हवं. मद्यामुळे कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच सांगितलं. स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोड्या मद्यानेही वाढतो. साडेपाच टक्क्यांची ती सुंदर तांबूस एल याला अपवाद नाही. चव चांगली असणं आणि चीज चांगली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही मी त्या सुनेला खोटं का सांगितलं? दारूविरोधी कामाची ताकद कमी होईल म्हणून, असं मी आधी स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला 'चांगली बाई' राहायचं होतं. आमच्या आंदोलनाला गावातले पुरुष पाठिंबा देतात तो बायांना मार पडतो म्हणून थोडाच देतात? पुष्कळजण देतात ते गावाच्या पावित्र्यासाठी. त्या पावित्र्याच्या हिशोबात पिणारा नवरा बिघडलेला, पण बिअरचा एक घोट घेणारी बाई संपलेली. आपण मारहाणीविरुद्ध आणि मजुरीच्या लुटीविरुद्ध लढतो आहोत. ती लढाई बाईच्या शीलाच्या राखणीत कधी मिसळते, ते आपल्यालाही कळत नाही. मला तर त्या एका "नाही गं बाई"मध्ये कळलं.

आणि शहरात तरी काय वेगळं आहे? पुण्यात मायक्रोब्रुअऱ्या येऊन पंधरा वर्षांहून अधिक झाली, डूलाली तर २००९ पासूनची. परत आल्यावर मी कॉलेजमधल्या एका मित्राबरोबर अशाच एका ठिकाणी गेले. मेनू त्याच्या हातात दिला गेला. बेल्जियन धर्तीची पेल एल मी मागवली तर वेटर म्हणाला, "मॅडम, ती कडू असते. सफरचंदाची गोड देऊ का?" मित्राला कडू-गोड काहीच विचारलं नाही. त्याला चवीतलं काहीही कळत नव्हतं, हे सांगायला हरकत नाही. तो चांगला माणूस आहे, पण चहाही गारच पितो. बिल बघितलं आणि आमच्या गटातल्या बाईची रोजाची मजुरी आठवली. त्यानंतर मी तिथे गेले नाही. याला तत्त्व म्हणा, नाहीतर कंजूषपणा.

मार्चच्या बैठकीत मी सांगून टाकलं. "मागच्या वेळी मी खोटं बोलले. मी बिअर घेतली होती, परदेशात, एक ग्लास. मला आवडली." कुणी काही बोलेना. मग एकजण म्हणाली, "मग आम्हीच सही काहून कराची जी?" मी म्हटलं, "तुझ्या घरात दारूने काय होतं, त्यासाठी." तिला ते पटलं नाही. तिचं बरोबर आहे. ज्या बाईला एक ग्लास घेऊन उठता येतं तिने, ज्याला उठता येत नाही त्याच्या बायकोला हे सांगणं सोपं असतं.

कोपऱ्यात बसलेल्या एका गोंड आजीने मात्र विचारलं, "कशी लागते?" एवढ्या दिवसांत चवीबद्दल मला कुणी पहिल्यांदा विचारलं. मी भाजलेल्या कणकेचा वास सांगितला, पेअर त्यांना सांगता येईना तर पिकल्या पेरूवर निभावलं. त्या मान डोलावत ऐकत होत्या. मग त्यांनी सांगितलं, लग्नाकार्यासाठी आणि देवाला वाहायला त्या घरी मोहाची काढत. सडवा तयार झाला की नाही ते मडक्याला कान लावून आणि वास घेऊन त्या सांगत. "माझी सासू नुसत्या वासावर सांगे, उद्या का परवा." आणि नवरा? "त्याले कुठली चव बाई. उभ्या उभ्या ढोसे, मग मारे."

दुकानाविरुद्धच्या अर्जावर त्या आजीचा अंगठा पहिल्या पानावर आहे. "काहून" विचारणारीने अजून सही केलेली नाही. एकूण एकोणीस सह्या कमी पडतात. एप्रिलमध्ये मोह वेचायचे दिवस, तेव्हा बाया पहाटेपासून जंगलात असतात. मेच्या बैठकीत पुन्हा विचारू.