भाता नसलेली पेटी

दसरा जवळ आला की नाशिकच्या वाद्यांच्या दुकानांत कीबोर्डचे खोके दर्शनी मांडले जातात आणि आपल्या क्लासमध्ये पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : "सर, कोणता कॅसिओ घेऊ?" (कंपनी कोणतीही असो, घरोघरी त्याला कॅसिओच म्हणतात.) आपण घाईत एखादे मॉडेल सांगून मोकळे होतो. दुकानदार टोन किती, रिदम किती ते वाचून दाखवतो, एक डेमो गाणे लावतो आणि व्यवहार होतो. त्या शेकडो टोनांपैकी मूल पुढे चार-पाच वापरते.

स्वस्त कीबोर्डची बहुतेक परीक्षणे पियानो शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. त्यांची पहिली अट टच, म्हणजे पट्टी जोरात दाबली तर आवाज मोठा आणि हलकी दाबली तर लहान. पियानोच्या विद्यार्थ्याला तो हवाच, त्यासाठी पालकांना चार पैसे जास्त घालायला सांगावे. पण सिडको, पंचवटी, नाशिक रोडला आपल्याकडे येणारी पुष्कळ मुले अभंग, भावगीत, सिनेमातली गाणी बसवायला येतात. त्यांच्या घरी कीबोर्ड पेटीच्या जागी असतो, आणि पेटीला टच कुठे असतो? पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज भात्यावर ठरतो. यामाहाचा पीएसआर-एफ५१ घ्या किंवा कॅसिओचा सीटी-एस२००. दोन्हींना पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या आहेत, टच दोन्हींना नाही, आणि दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात, हे निफाड-दिंडोरीकडच्या विद्यार्थ्याला विशेष सोयीचे. सुगम शिकणाऱ्याला एवढे वाद्य पुरते.

उणीव आहे ती भात्याची. धरलेला स्वर फुलवणे, मग ओसरू देणे, हे या वाद्यावर बोटांच्या हाती नाही. शिवाय डावा हात रिकामा राहतो किंवा ऑटो कॉर्डच्या नादी लागतो. असे मूल पुढे पेटीवर बसले की उजवा हात पळतो आणि डावा अडखळतो. ज्याला भजनात किंवा गाण्याला साथ करायची आहे, त्याला पहिल्या वर्षापासून आठवड्यातून एकदा तरी क्लासमधल्या पेटीवर बसवावे. घरी कीबोर्डवरही सुरुवातीचा टोन पियानोचा नको. पट्टी दाबून ठेवली तरी तो स्वर विरत जातो, आणि स्वर विरला की मूल पुढच्या स्वरावर उडी मारते. हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा टोन लावून दुकानातच सा दहा-पंधरा सेकंद धरून पाहावा. तो थरथरला, त्यात खरखर आली किंवा त्याची लांबी जोडल्यासारखी ऐकू आली, तर बाकीचे टोन ऐकण्याची गरज नाही.

छोट्या पट्ट्यांच्या कीबोर्डबद्दल आमचे मत कडक आहे. कॅसिओच्या एसए-४६ ला ३२ आणि एसए-७६ ला ४४ पट्ट्या आहेत, सगळ्या बारीक, आणि एका वेळी आठच स्वर वाजतात. बालवाडीच्या वयाला खेळायला ठीक. त्यापुढच्या मुलाची बोटे त्या मापाला बसली की मोठ्या पट्ट्यांवर चुकत राहतात. पालकांना फूटपट्टी घेऊन जायला सांगा : सात पांढऱ्या पट्ट्यांची मिळून रुंदी साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास भरली पाहिजे.

ट्रान्सपोजच्या बटणाने आपल्या कामाची सोय केली आणि नुकसानही. मुलगी काळी चारला गाते, मुलगा पांढरी एकला, आणि दोघेही पांढरी एकवरूनच वाजवतात, उरलेले बटण पाहून घेते. मग कार्यक्रमात समोर साधी पेटी आली की हात थिजतो. हा दोष यंत्राचा नाही, शिकवण्याचा आहे. निदान तीन सुरांतून प्रत्येक अलंकार वाजवून घ्यावा. पुष्कळ स्वस्त मॉडेलांत वाद्य बंद केले की ट्रान्सपोज शून्यावर जाते, हेही मुलांना सांगून ठेवावे. बारीक ट्यूनिंगची सोय मात्र जरूर तपासावी. कीबोर्ड ४४० हर्ट्झवर लावलेला येतो, घरातली आजोबांची पेटी बहुधा तशी नसते, आणि दोन्ही एकत्र वाजवायची वेळ येतेच.

१९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचे स्वर पक्के, त्यांतून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप होता. त्याआधी सांगलीचे देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी २२ श्रुतींची पेटी करवून पाहिली होती. कीबोर्डवर आज तोच आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे, पण सगळ्या स्वरांना सारखा नाही. समान अंतराच्या बारा स्वरांत पंचम तंबोऱ्यातल्या पंचमाहून दोनच सेंट उतरतो, कानाला कळणारही नाही. शुद्ध गांधार मात्र चौदा सेंट चढतो, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा हिस्सा. म्हणून गळ्याच्या रियाजाला कीबोर्डचा सा-प खुशाल धरून ठेवावा, पण यमन किंवा भूप गाताना गांधार पट्टीवर पडताळून पाहू नये.

भारतीय मॉडेलांत, म्हणजे यामाहाच्या पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स८७०आयएन यांसारख्यांत, तबला-तंबोऱ्याची सोय दिलेली असते. ती असावी, पण नावावर जाऊ नये. रूपक आणि झपताल लावून मात्रा मोजा, लय अगदी खाली आणून ठेका ऐका. कधी कधी तबल्याचा आवाज असतो आणि चाल चार मात्रांचीच.

बाकी तपासणी पाच मिनिटांची. आवाज बंद करून एकेक पट्टी दाबा, खटखट करणारी किंवा उशिरा उठणारी पट्टी लगेच हाताला कळते. मग आवाज पाऊणपर्यंत वाढवून खालचे सप्तक ऐका, स्पीकर फाटतो का पाहा. जुना कीबोर्ड घेत असाल तर न वाजणाऱ्या पट्टीने घाबरू नका. बहुतेकदा आतल्या रबरी संपर्कावर धूळ बसलेली असते आणि ती साफ करता येते. अ‍ॅडॉप्टर मात्र त्याच मॉडेलचा मागा. पिन बसली म्हणून व्होल्ट आणि ध्रुव जुळतात असे नाही.

क्लासचालकांना एक विनंती. पालकांना तोंडी मॉडेल सांगू नका. मूल काय शिकणार आहे आणि त्याला काय लागेल, ते अर्ध्या पानावर लिहून द्या. आणि दुकानाकडून टक्केवारी मिळत असेल, तर तेही त्याच पानावर लिहा.