साचा बंद पडल्यानंतर

जयंत पवार यांचे 'अधांतर' वर्गात शिकवताना आपण गिरणगावातील एका कुटुंबाची पडझड पाहतो. रत्नागिरीत ते शिकवताना मला त्या पडझडीचे दुसरे टोकही दिसत राहते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांत कोकणातले पुष्कळ होते. गिरणी सुटली, तसे त्यांतले अनेकजण गावी परतले. मनिऑर्डर पाठवणारा माणूसच घरी आला, मनिऑर्डर थांबली.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आणली. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. कामगारांचे पुनर्प्रशिक्षण हा त्याचा जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत गेला. भरपाई एका खात्याकडे, प्रशिक्षण दुसऱ्याकडे, रोजगाराची नोंदणी तिसऱ्याकडे. आणि कामगार मात्र गावी, या तिन्ही दारांपासून दूर.

समन्वय म्हणजे खात्यांच्या संयुक्त बैठका नव्हेत. विस्थापित माणूस जिथे गेला, तिथवर त्याची नोंद, त्याचा हक्क आणि त्याचे प्रशिक्षण एकत्र पोचणे म्हणजे समन्वय. २०१५ पासून कौशल्यविकासाचा गजर सुरू आहे. पण आयुष्यभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसापाशी कौशल्य होतेच. नव्हते ते त्याला विचारणारे कोणी. नाटकाने ते विचारले. धोरणाने कधी विचारायचे?