कसेल तिची जमीन केव्हा?

मुंबईच्या गिरणी कामगाराचा इतिहास चाळीत आणि साच्यावर शोधला जातो. त्या कामगाराच्या गावी राहिलेल्या पत्नीचे श्रम मात्र ना मालकांच्या खतावणीत नोंदले गेले, ना चळवळीच्या ठरावांत.

रत्नागिरी जिल्ह्यातून पुरुषांचा ओघ शतकाहून अधिक काळ मुंबईकडे वाहत आला आहे. २०११ च्या जनगणनेतही तेथे दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. भाजावळ, लावणी, बेणणी, कापणी, गुरे, मुले, म्हातारी माणसे हे सारे तिने सांभाळले. कामगार आजारी वा बेकार झाला की तिच्याच आधाराला परतला. कुटुंबाच्या पोषणाचा हा भार तिने उचलला म्हणूनच तुटपुंज्या वेतनावर गिरण्या चालू शकल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्यापैकी अनेकांना तगवले ते गावाकडच्या भाताने.

मनीऑर्डरीमुळे स्त्री स्वतंत्र झाली, असे म्हटले जाते. बाजार, शाळा, तलाठी कचेरी हे व्यवहार तिच्याकडे आले हे खरे; परंतु जबाबदारी वाढली म्हणजे अधिकार वाढला असे नव्हे. बैल विकायचा की ठेवायचा, याचा निर्णय मुंबईच्या पत्रानेच होत असे.

याचे मूळ जमिनीच्या मालकीत आहे. मुंबई कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी कुळे मालक मानली गेली. जातीने कसणे या व्याख्येत कुटुंबीयांचे श्रमही धरले होते. त्यामुळे लालबागला साचा चालवणाऱ्या कुळाचा हक्क शाबूत राहिला आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या हातांनी जमीन कसली, त्या हातांचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर चढले नाही. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेतील ‘त्याची’ हा शब्द कायद्याने अक्षरशः पाळला!

आज गिरण्या गेल्या, स्थलांतर थांबलेले नाही. पीककर्ज आणि नुकसानभरपाई आजही उताऱ्यावरील नाव पाहूनच मिळते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. पतीच्या हयातीत त्याच्या जमिनीवर पत्नीचे नाव मात्र त्याच्या मर्जीवरच अवलंबून राहिले. पती-पत्नीच्या संयुक्त मालकीची मागणी चळवळीने हाती घेतली पाहिजे. ती ग्रामसभेत मांडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आपल्या घरचा उतारा एकदा काढून पाहावा.