जुन्या ओव्हरड्राफ्टचं समन्स आलं तर

सरोजिनी नगर म्हटलं की अनेकांना तिथला स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. पण या बाजाराभोवती अनेक दशकं केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत नांदली. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीला आलेली मराठी कुटुंबंही इथल्या क्वार्टर्समध्ये राहिली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली आणि जुनी क्वार्टर्स रिकामी होऊ लागली. कुणी द्वारकेला गेलं, कुणी नोएडाला, कुणी निवृत्त होऊन पुण्या-नागपूरला परतलं. बँकेच्या कागदांवर मात्र कितीतरी जणांचा पत्ता तोच जुना राहिला.

आता समजा, याच पत्त्यावर असताना तुम्ही पगाराच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला होता. म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम काढायची सोय. पुढे बदली झाली, पगाराचं खातं बदललं आणि जुनं खातं विस्मरणात गेलं. व्याज आणि शुल्क चढत राहिलं. आणि इतक्या वर्षांनी एक दिवस न्यायालयाचं समन्स येतं: पस्तीस हजारांचे दोन लाख झालेत, भरा.

अशा वेळी घरात दोनच प्रतिक्रिया होतात. एक, कागद कपाटात टाकून द्यायचा, ‘बघू पुढे’ म्हणायचं. दुसरी, घाबरून एजंट सांगेल तिथे सही करायची, जमतील तेवढे पैसे भरायचे. दोन्ही महागात पडतात. जुन्या कर्जाच्या दाव्यात तुमचा बचाव तारखांमध्ये असतो. म्हणून त्या तारखा कशा वाचायच्या ते पाहू.

समन्स खरं आहे का?

व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेली खोटी पत्रं हल्ली सर्रास फिरतात. खऱ्या समन्सवर न्यायालयाचं नाव, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांकही मिळतो. ‘ई-कोर्ट्स’च्या ॲपवर तो टाकला किंवा आपल्या नावाने शोधलं, तर दावा खरंच दाखल आहे का ते कळतं. वकिलाची नोटीस आणि न्यायालयाचं समन्स यांत गल्लत करू नका. नोटीस ही फक्त मागणी असते, दावा सुरू होतो तो न्यायालयात.

दिल्लीत पतियाळा हाऊस, साकेत, द्वारका, तीस हजारी अशी वेगवेगळी न्यायालय संकुलं आहेत. समन्सवर जे लिहिलं असेल तिथेच जायचं. रक्कम २० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर बँक दिवाणी न्यायालयाऐवजी कर्जवसुली न्यायाधिकरणात जाते. घरगुती ओव्हरड्राफ्टची प्रकरणं बहुतेक त्याहून लहान असतात.

पोस्टमन किंवा बेलिफ आला तर समन्स नाकारू नका. नाकारलेलं समन्स मिळालंच असं न्यायालय मानू शकतं.

तीस दिवसांचं घड्याळ

समन्स हातात पडलं त्या दिवसापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. योग्य कारण असेल तर न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवतं. दावा तीन लाखांचा किंवा जास्तीचा असेल आणि व्यावसायिक न्यायालयात चालणार असेल, तर कमाल मर्यादा १२० दिवसांची आहे. ती उलटली की जबाब देण्याचा हक्कच जातो.

समन्सवर ‘ऑर्डर ३७’ असं लिहिलेलं दिसलं तर अधिक सावध व्हा. हा संक्षिप्त दावा असतो. यात दहा दिवसांत न्यायालयात हजेरीची नोंद करावी लागते. त्यानंतर बँक निकालासाठीचं दुसरं समन्स बजावते आणि तेव्हा पुन्हा दहा दिवसांत ‘मला बचावाची परवानगी द्या’ असा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर बँकेचं म्हणणं मान्य धरलं जातं.

लेखी जबाबात ‘दावा खोटा आहे, मान्य नाही’ एवढंच मोघम लिहून भागत नाही. दाव्यातल्या प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्यायचं: हे मान्य, हे अमान्य आणि ते का. जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल केलं असं कायदा धरतो.

तीन वर्षांचा हिशेब

आता सगळ्यात महत्त्वाची तारीख. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. घर किंवा जमीन गहाण असेल तर बारा. ही मुदत नेमकी कुठून मोजायची हे खात्याचा प्रकार आणि करारातल्या अटी यांवर ठरतं, म्हणून संपूर्ण खातेउतारा वकिलासमोर ठेवायला हवा. तुम्ही शेवटचे पैसे कधी काढले, कधी भरले, बँकेने पूर्ण रक्कम कधी मागितली, या तीन तारखा खूण करून ठेवा. त्यानंतर वर्षानुवर्षं बँकेने एकटीनेच व्याज लावत राहणं म्हणजे तुमचा व्यवहार नव्हे, हा मुद्दा जबाबात मांडता येतो.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कालावधी मुदतीच्या मोजणीतून वगळला. उदाहरण घेऊ. मुदत १० जून २०१६ पासून मोजायची असेल, तर ती जून २०१९ मध्येच संपली, करोनाचा तिच्याशी संबंध नाही. मुदत १० जून २०१८ पासून सुरू झाली असेल, तर ती २०२१ मध्ये संपली नाही. मधला काळ वगळून ती मे २०२३ च्या अखेरीपर्यंत लांबली. दावा त्यानंतर दाखल झाला असेल तर तो मुदतबाह्य ठरू शकतो. इथे समन्स मिळाल्याची तारीख धरायची नाही. दावा दाखल झाल्याची तारीख बघायची.

आपल्याकडे एक चांगली तरतूद आहे. प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. तरीही त्यावर विसंबू नका, जबाबात हा मुद्दा ठळक लिहाच. इंग्लंडमध्ये नियम उलटा आहे. तिथे मुदत सहा वर्षांची असते आणि मुद्दा प्रतिवादीने स्वतः मांडावा लागतो. तुमची मुलगी किंवा भाचा तिथे शिकून परतला असेल आणि विद्यार्थीदशेतलं ओव्हरड्राफ्टचं खातं तसंच राहिलं असेल, तर हा फरक त्यांच्या कानावर घाला.

सही करण्याआधी थांबा

मुदत संपण्याआधी तुम्ही सही करून ‘एवढे देणे आहे’ असं लिहून दिलंत, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. बँकेने पाठवलेल्या ‘बाकी मान्य’च्या पत्रावरची सहीसुद्धा यात येते. तडजोडीसाठी केलेल्या अर्जातही कर्जाची कबुली असू शकते. मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली आणि त्याची तुमच्या सहीची नोंद असेल, तरीही तोच परिणाम होतो.

मुदत संपल्यानंतर नुसत्या कबुलीने ती जिवंत होत नाही. पण ‘मी हे पैसे देईन’ असं लेखी वचन सहीनिशी दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार तो नवा करार ठरतो आणि त्यावर दावा लावता येतो. म्हणून वसुली एजंट दारात उभा राहून ‘फक्त इथे सही करा ताई, फाईल बंद होईल’ म्हणाला, तर कागदाची प्रत ठेवून घ्या आणि वकिलाला दाखवून कळवते म्हणून सांगा.

मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असंही नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. बँकेकडे तारण ठेवलेली मुदत ठेव असेल, तर ती कर्जात वळती करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात मान्य केला आहे.

बँकेने काय सिद्ध करायचं?

देणं सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. खातं उघडल्याचा अर्ज, ओव्हरड्राफ्ट मंजुरीचं पत्र, तुमच्या सहीचा करार आणि पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण उतारा मागा. बँकेच्या वह्यांची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून चालते, पण हिशेबाच्या नुसत्या नोंदीवर कुणावर देणं लादता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये गौहत्ती बँकेच्या खटल्यात हेच सांगितलं. ग्राहकाने नोंद नाकारली, तर रक्कम खरंच दिली होती हे दाखवणारा आणखी पुरावा बँकेने आणायला हवा. मात्र तुम्ही पैसे वापरले असतील तर खोटं नाकारू नका. शपथेवर खोटं बोलणं हा बचाव नव्हे. वाद खऱ्या आकड्याचा घाला.

उतारा ओळ-ओळ वाचा. हे ‘ओव्हरड्राफ्ट’ खातं खरं तर साधं बचत खातं होतं का? किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावत लावत ते उणे झालं का? तसं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमावर बोट ठेवा. केवळ किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. दंडव्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलं आहे का, हेही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये दंडव्याजाचं असं भांडवलीकरण अमान्य केलं.

दावा बँकेऐवजी एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीने लावला असेल, तर कर्ज तिच्याकडे हस्तांतरित झाल्याचा दस्त मागा.

वडिलांचं देणं मुलांवर?

खातेदार हयात नसेल तर वारसांना प्रतिवादी केलं जातं. पण वारसाची जबाबदारी मृत व्यक्तीकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुमच्या स्वतःच्या पगारातून वडिलांचा ओव्हरड्राफ्ट फेडायला न्यायालय लावत नाही. मात्र तुम्ही जामीनदार किंवा संयुक्त खातेदार असाल तर गोष्ट वेगळी.

निकाल आधीच लागला असेल तर

इथे पुन्हा जुन्या क्वार्टरचा पत्ता येतो. समन्स रिकाम्या घरावर गेलं, कुणी हजर राहिलं नाही आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, असं पगार जप्तीचं पत्र कार्यालयात आल्यावरच कळू शकतं. तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मुदत तीस दिवसांची. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर हे तीस दिवस तुम्हाला निकाल कळल्यापासून मोजतात. तेव्हा तुम्ही त्या घरात राहत नव्हता हे दाखवणारा कागद मोलाचा ठरतो. क्वार्टरचा ताबा परत केल्याची संपदा निदेशालयाची नोंद, बदलीचा आदेश, नव्या घराचं वीजबिल, हे सारं जपून ठेवा.

हुकूमनामा कायम राहिला तरी आभाळ कोसळत नाही. पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. जप्तीयोग्य पगार ४०,००० असेल तर महिन्याला जास्तीत जास्त १३,००० जाऊ शकतात. तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिनेच. सरकारी निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी यांना जप्तीपासून संरक्षण आहे. पोलीस येऊन उचलून नेतील ही एजंटची धमकी पोकळ असते. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

आणि खरंच देणं असेल तर

कर्ज घेतलं होतं, दावाही मुदतीत आहे, तर तडजोड हा कमीपणा नाही. लोकअदालतीत बँका अनेकदा व्याज बरंच कमी करतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून जमेल तेवढाच हप्ता मान्य करा. पैसे भरून झाले की ‘काही देणे नाही’ असं पत्र घ्या आणि खातं बंद झाल्याची लेखी नोंदही मागा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

या रविवारी एवढं करा. घरातली जुनी पासबुकं बाहेर काढा. ज्या खात्यांत वर्षानुवर्षं व्यवहार नाही त्यांची यादी करा. प्रत्येक बँकेत सध्याचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक नोंदवा, नको असलेली खाती बंद करा. सासू-सासरे, आई-वडील यांच्या खात्यांबद्दलही विचारा. बँकेला आणि न्यायालयाला तुमचा खरा पत्ता माहीत असेल, तर निदान तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तुमच्याविरुद्ध निकाल लागणार नाही.