प्लॉटला क्यूआर कोड, नोकरीला काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका.

गेल्या आठवड्यात आपल्या शिरपुरातल्या एका पोराला पुण्यात नोकरी लागली. 'प्रॉपटेक' कंपनी. घरी पेढे आले, ग्रुपवर फोटो आला, अभिनंदनाचे मेसेज संपता संपेनात. संध्याकाळी पोरगा माझ्याकडे आला, कारण अशाच एका कंपनीत मी सव्वादोन वर्षं काढून आलोय. मी त्याला काही प्रश्न लिहून दिले, जॉइन व्हायच्या आधी कंपनीला विचार म्हटलं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर चर्चा सुरू: "याचं सोताचं जमलं नाही, आता लोकाच्या पोट्ट्याचं मोडून राह्यला."

बरं. मग सगळ्यांसमोरच सांगतो.

प्रॉपटेक म्हणजे जमीन, घर, प्लॉट यांच्या व्यवहारात मोबाईल आणि कॉम्प्युटर घालून धंदा करणं. हाऊसिंग डॉट कॉम २०१२ साली आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढली, नोब्रोकर २०१४ ची. त्या मोठ्या झाल्या, त्यांच्या बातम्या आपण वाचल्या. माझी कंपनी त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हती. मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या, चौदा माणसं, एक एसी, आणि भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं 'आम्ही एक कुटुंब आहोत'. कंपनीचं नाव लिहिणार नाही. मला एका माणसाशी भांडायचं नाहीये, आणि अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत.

काम काय? पुण्या-मुंबईच्या लोकांना बाहेर जमिनी घ्यायच्या असतात. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला, तसे फोन जास्तच वाढले. आपल्या मालेगाव, कारंजाच्या बाजूलाही विचारणा यायची. गट नंबर टाका, दहा मिनिटांत जमिनीची कुंडली मिळवा, अशी आमची जाहिरात. एआय सगळं वाचतो म्हणे. राजेहो, तो एआय म्हणजे मी. मी आणि माझ्यासारखी विदर्भ-मराठवाड्यातली आठ पोरं. सरकारच्या साइटवरून पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढायचा, मालक, क्षेत्र, पोटखराबा, भोगवटादार वर्ग १ की २, बँकेचा बोजा, फेरफार नंबर हे सगळं डोळ्यांनी वाचून खणात भरायचं. खालून हिरवा किंवा लाल शेरा निघायचा. त्या कागदाचं गिऱ्हाइकाला साडेतीन हजारांचं बिल. दिवसाला चाळीस उतारे झाले पाहिजेत, नाहीतर रात्री थांबा.

पुण्याच्या बीटेकवाल्या पोरांना हे काम जमत नव्हतं, आम्हाला जमायचं. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे आम्हाला कोणी कोर्समध्ये शिकवलं नाही. तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) ओट्यावर बापाबरोबर बसून बसून कळलं. त्या ओट्यावरच्या शहाणपणाचे मला महिन्याला सोळा हजार मिळायचे. त्यातूनही दहा टक्के टीडीएस कापून.

सोळा हजारांवर टीडीएस कसा? हाच प्रश्न मी पहिल्या महिन्यात विचारला. कारण मी तिथे नोकर नव्हतोच. मी 'सल्लागार' होतो! नेमणूकपत्र नाही, सल्लागार करार. पगार नाही, फी. गावात आई सांगायची पोरगा कंपनीत आहे, आणि कंपनीच्या कागदावर मी कोणी नव्हतो. चौदातले नऊ जण असे सल्लागार, पगारपत्रकावर फक्त पाच. सकाळी साडेनऊला अंगठा लावणारा, सुट्टीसाठी मेसेज टाकून परवानगी मागणारा, चहाला किती वेळ गेला याचा हिशेब देणारा सल्लागार तुम्ही कुठं पाहिलाय का?

आता ज्या कारणानं मी निघालो ते सांगतो.

एक सातबारा आला, दुसऱ्या जिल्ह्यातला, महामार्गाजवळचं वावर. मालक एक भाऊ. आणि 'इतर अधिकार' मध्ये फेरफार नंबरसह दोन बहिणींची नावं. आपल्याकडे जुन्या लोकांनी हेच केलंय. बाप वारला की पोरांची नावं मालकात आणि लेकींची इतर अधिकारात, म्हणजे नाव लावल्यासारखंही झालं आणि नाही लावल्यासारखंही. माझ्या आत्याचं नाव आमच्या उताऱ्यावर कितीतरी वर्षं असंच पडून होतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. त्यामुळे त्या खणात बहिणींची नावं दिसली, की त्यांच्याशी बोलल्याशिवाय आणि त्यांच्या सहीशिवाय पुढे जायचं नसतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतर अधिकाराचा खण होता, पण त्याला गुण नव्हते. त्यात काहीही लिहा, शेरा हिरवाच.

मी टिप्पणी टाकली. वरून निरोप आला, गिऱ्हाइकाला उद्या टोकन द्यायचंय, टिप्पणी काढ. मी नाही काढली. शेजारच्या टेबलावरच्या पोराकडून काढून घेतली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरी त्या महिन्यात बहिणीचं लग्न होतं.

व्यवहार झाला. फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवसांच्या आत एका बहिणीनं हरकत घेतली. गिऱ्हाइकाचा फोन कंपनीच्या मालकाला नाही आला, मला आला. कारण अहवालाच्या तळाशी 'तयार करणारा' म्हणून माझं नाव आणि मोबाईल नंबर छापलेला. त्या माणसानं आयुष्याची जमा घातली होती, तो शिव्या देत होता आणि मी ऐकत होतो. आणि कंपनीनं त्याला लेखी काय कळवलं? चूक आमची नाही, बाहेरच्या सल्लागाराची आहे. कराराच्या एका कलमावर बोट ठेवून माझी दोन महिन्यांची फी अडवली. ती आजतागायत अडलेलीच आहे.

तेव्हा मला सल्लागार या शब्दाचा अर्थ कळला. पीएफ वाचवायला तो वापरतातच. पण माल खराब निघाला की अंगावरून झटकून टाकायलाही तोच शब्द कामाला येतो.

जमिनीचे वाद दहा मिनिटांत मिटवायच्या गप्पा निदान आपल्या गावात कोणी मारू नयेत. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरात दोन पंथांनी १९०५ साली पूजेचं वेळापत्रक ठरवून घेतलं होतं. तरी १९८१ मध्ये कुलूप लागलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. ताबा कोणाचा, वहिवाट कोणाची, कागदात काय, हे शिरपूरच्या लहान लेकरालाही कळतं. ज्याला हे कळतं त्यालाच सोळा हजारांत बसवून त्याचं तोंड बंद ठेवायचं, हा तो धंदा.

आता कायद्याचं. थोडं रुक्ष आहे, पण पोरांनो, हेच वाचा.

पीएफ लागू होतो २० माणसांपासून. ईएसआयसी, म्हणजे आजारपणाचा विमा, १० माणसांपासून, २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना. आमच्याकडे माणसं चौदा, पण नऊ सल्लागार, म्हणून कागदावर पाच. एका सहकाऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा आम्ही वर्गणी काढली. कुटुंब ना! आणि राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा १० माणसांपासून लागू होता: दिवसाला ९ तास, आठवड्याची सुट्टी, वर्षाला ८ किरकोळ रजा, जादा कामाला दुप्पट पैसे. ३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळानं तो आकडा २० वर न्यायला आणि दिवसाचे तास ९ चे १० करायला मंजुरी दिली. का, तर धंदा करणं सोपं व्हावं. म्हणजे आधी चौदा माणसांच्या कंपनीला या कायद्यातून निसटायला सल्लागाराची युक्ती करावी लागायची, आता तेवढीही तसदी नको. ज्या दिवशी हा निर्णय झाला त्या दिवशी आपल्या एकाही पुढाऱ्याची पोस्ट मला दिसली नाही. वाढदिवसाच्या मात्र दिसल्या.

आणि हे बघा. प्लॉटच्या प्रकल्पाची जाहिरात करायची तर १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती समोर. एजंटलाही नोंदणी आणि परीक्षा. चांगलं आहे, पाहिजेच. पण तो प्लॉट विकायला जी कंपनी पोरं भरते, तिच्या नोकरीच्या जाहिरातीवर काय असतं? हसणाऱ्या पोरीचा फोटो आणि 'आकर्षक पगार'. गुंठाभर जागा घेणाऱ्याला जेवढं संरक्षण आहे, तेवढं आयुष्याची पाच वर्षं देणाऱ्याला नको?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यात रोजगार मेळावे होतात, फ्लेक्सवर जागांचा आकडा मोठा असतो. त्याच फ्लेक्सवर प्रत्येक कंपनीपुढं लिहा: पगारपत्रकावर किती, सल्लागार किती, पीएफ भरते की नाही, ईएसआयसी आहे की नाही. मेळाव्याच्या फ्लेक्सवर दोन रकाने वाढवायला मुंबईहून जीआर येण्याची वाट पाहावी लागत नाही.

काही जण म्हणतील, लहान कंपनी आहे, सुरुवातीला सगळेच ओढाताणीत असतात, शिकायला तर मिळतं. मिळतं, खोटं बोलणार नाही. आज मी कुठलाही उतारा हातात घेतला तर दोन मिनिटांत दुखणं सांगतो, आणि गावातली चार घरं माझ्याकडं कागद दाखवायला येतात, ते तिथलंच शिक्षण. आमचा मालकही हरामखोर नव्हता. जुन्या स्कूटरवर यायचा, सुरुवातीला स्वतःचा पगार सोडून आमचे पैसे द्यायचा. पण पुढं बाहेरून भांडवल आलं, नवी गाडी आली, दुसरं ऑफिस आलं, आणि सल्लागार सल्लागारच राहिले. ओढाताण सगळ्यांची असेल तर सुकाळही सगळ्यांचा असायला पाहिजे ना?

आणि मी पोराला जाऊ नको असं म्हटलेलंच नाही. इथं बसून काय करेल? सोयाबीनच्या भावाची वाट पाहील? चिठ्ठीवर लिहून दिलं ते एवढंच: नेमणूकपत्र देता की करार? पीएफ, ईएसआयसी आहे का? अहवालावर नाव कोणाचं छापता? सोडताना हिशेब किती दिवसांत? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा, असं लिहिलंय. माझा हिशेब त्याआधीचा, मला त्याचा उपयोग नाही. त्याला होईल.

पोरानं हिंमत करून हे प्रश्न मेलवर पाठवले. काल रात्री उत्तर आलं, त्यानं मला दाखवलं. एक ओळ आहे: जॉइन झाल्यावर बोलू.

रविवारी रात्री तो मालेगावहून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतोय. मी त्याला सोडायला जाणार आहे. करार हातात आला की सही करायच्या आधी फोटो पाठव म्हटलंय, कितीही वाजले तरी वाचून सांगतो. बाकी कोणाच्या घरी असा कागद आला असेल, तर संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो. या.