एका पानाला एकच रंग

मंडळी, सध्या आमच्याकडे जुने फोटो चिकटवहीत लावायचं काम जोरात चालू आहे. (नातवंडं तिला स्क्रॅपबुक म्हणतात.) बाजारात त्यासाठी चमकीचे कागद, फुलपाखरं, सोनेरी फिती असं काय काय मिळतं, आणि ते सगळं एकाच पानावर लावायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. माझं मत मात्र ठाम आहे. एका पानाला एकच रंग घ्यावा, त्याच्या फिक्या-गडद दोन-तीन छटा वापराव्यात आणि बाकीचं दुकानातच राहू द्यावं.

"पण आजी, किती बोअर दिसेल ते!" इति नात.

तिला मी आपलं जंगल आठवायला सांगते. एप्रिलअखेर चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याने जा. सागाची वाळकी पानं, भाजलेलं गवत, बांबूची सुकलेली बेटं, सगळं तपकिरीच्या घराण्यातलं. मध्येच एखादा बहावा फुललेला असतो आणि नजर तिथेच खिळते, कारण तो एकटा असतो. पानावर फोटो हा बहावा. त्याच्याभोवती आणखी दहा बहावे लावले तर बघायचं कुणाकडे?

आणि एकदोन रंगांत काय होणार, असं वाटणाऱ्यांनी वारली चित्रं बघावीत. गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स. एवढ्याच ऐवजावर जिव्या सोमा म्हशांनी लग्नं, शेतं, मासेमारी सगळं उभं केलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

याउलट आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकांची पोस्टरं. वडशाच्या भिंतीवर ती भडकच हवीत. त्यांना रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून थांबवायचं असतं. वही उघडून बसलेला माणूस आधीच थांबलेला असतो, त्याच्या कानाशी ओरडायचं कशाला?

जुन्या रंगीत फोटोंना तर हे फारच लागू. आमच्या शाळेच्या १९८४ च्या मार्कंड्याच्या सहलीचे फोटो आता लालसर झालेत. मुलं, देवळाचा दगड, वैनगंगेचं पाणी, सगळंच. फोटोच्या कागदात निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग असतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांत निळसर आधी विरायचा, अगदी पेटीत अंधारात ठेवला तरी. अशा फोटोमागे हिरवा कागद लावला की तो जास्तच लाल दिसतो. विटकरी आणि बदामी लावा, लाली पानात मुरून जाते आणि पोरांचे चेहरे वर येतात.

मात्र एकाच छटेत सगळं लोटलं तर चिखल होतो. एक गडद, एक मधली, एक फिकी हवीच. आणि मेळ बसावा म्हणून कालचा फोटो मोबाईलवर मुद्दाम पिवळट करणं मला मुळीच पटत नाही. पान फोटोसारखं करावं, फोटो पानासारखा करू नये. होळीच्या पानाला तेवढी सूट, तिथे होऊ द्या काय रंग व्हायचे ते!

हे सगळं लिहायचं कारण आमची ताई. ती लवकर गेली. तिचे तीनच फोटो आहेत, तिन्ही काळे-पांढरे. भाच्याने मोठ्या हौसेने संगणकावर तिचं पान करून पाठवलं. गुलाब, मोत्यांची किनार, निळं आभाळ... आणि त्यात ताई शोधावी लागली. फोटोत तिने नेसलेलं लुगडं डाळिंबी होतं. फोटोवरून ते कुणालाच कळायचं नाही, आणि तो रंग आठवणारी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून तिचं पान मी डाळिंबी केलं. कडेला गडद पट्टी, मागे अगदी फिका कागद, खाली पेनाने 'लुगडं याच रंगाचं होतं' एवढी ओळ. डिंक फोटोला लावला नाही, कागदी कोपऱ्यांत बसवला आहे.

राजुऱ्याच्या आणि पुण्याच्या मंडळींनो, तुमच्याकडे ताईचा आणखी एखादा फोटो असेल तर पोस्टाने नको, दिवसाउजेडी मोबाईलवर काढून पाठवा. मागच्या बाजूचाही काढा, मामा नेहमी मागे तारीख लिहायचे.